पुढचे ब्रेक मोठे केले, मग मागच्यांचं काय?

ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. वजनाचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाकं हलकी होतात. म्हणून साधारण मोटारीत थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचे ब्रेकच करतात. मागे साधे ड्रम असले तरी भागतं ते यामुळेच.

हौशी मंडळी पुढे मोठी डिस्क आणि मोठं कॅलिपर बसवतात. फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः उष्णतेचा. लांब घाट उतरताना मोठी डिस्क लवकर तापत नाही. मात्र पेडलवर तेवढाच जोर दिला तरी पुढची पकड वाढते, मागची तेवढीच राहते. मग पुढचे टायर आधी घसरतात किंवा एबीएस लवकर जागं होतं, आणि मागच्या टायरांची पकड वापरलीच जात नाही. थांबण्याचं अंतर वाढूही शकतं! शिवाय कॅलिपरचे पिस्टन मोठे असतील, तर मास्टर सिलिंडर तोच ठेवल्यास पेडल जास्त खोल जातं.

उलट चूक अधिक घातक. मागचा जोर वाढवला आणि मागची चाकं आधी अडकली, तर गाडी गर्रकन फिरते. म्हणूनच जुन्या गाड्यांत मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह असतो. नव्यांत ते काम ईबीडी, म्हणजे ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, करते. त्या व्हॉल्व्हशी अंदाजाने खेळू नये.

माझं मत विचाराल तर आधी चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल घाला. बहुतेकांना डिस्क बदलायची गरजच पडत नाही.