‘नको’ म्हणणारी जीभ

बाळाने पहिली चव कधी घेतली? घरच्यांच्या आठवणीत उष्टावणाचा दिवस असतो, चांदीच्या वाटीतली खीर असते. पण जिभेचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. गर्भ पोटात असतानाच भोवतालचं पाणी गिळतो आणि त्या पाण्यात आईच्या जेवणाचा वास उतरलेला असतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००० साली हे दाखवून दिलं. तिथल्या अल्सास भागात ॲनिस घातलेली मिठाई आवडीने खातात. ॲनिसचा वास आपल्या बडीशेपेसारखाच असतो. ज्या आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत ॲनिस खाल्लं होतं, त्यांची नुकती जन्मलेली बाळं त्या वासाकडे तोंड वळवत होती. बाकीच्या बाळांना त्याची काहीच ओढ नव्हती.

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या ज्युली मेनेला यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही आया गरोदरपणात गाजराचा रस प्यायल्या, काही बाळाला पाजत असताना प्यायल्या, तर काही फक्त पाणीच प्यायल्या. पुढे वरचं अन्न सुरू झाल्यावर बाळांना गाजराच्या रसात कालवलेली पेज दिली. रसाची ओळख आधीच झालेल्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. याच संस्थेने त्याआधी लसणाचीही परीक्षा घेतली होती. आईने लसूण खाल्ल्यावर साधारण दोन तासांनी तिच्या दुधाला त्याचा वास येतो, आणि बाळ त्या दुधाला कंटाळण्याऐवजी जास्त वेळ चोखत राहतं. लातूरच्या बाळंतिणीच्या ताटातल्या बाळंतशेपा, मेथीचे लाडू, लसणाची फोडणी याकडे या नजरेने पाहा. दात येण्याआधीच त्या बाळाची मराठवाड्याच्या स्वयंपाकघराशी ओळख झालेली असते.

मग कोडं असं, की वर्षाच्या आत दिसेल ते तोंडात घालणारं हेच लेकरू दोन वर्षांचं झालं की ताटाकडे पाहूनच मान का फिरवतं? “आमचं पोरगं काहीच खाईना बघा, नुसता दूधभात,” ही तक्रार घरोघरी ऐकू येते. साधारण याच वयात मूल नीट चालू-पळू लागतं, आईच्या कडेवरून उतरून एकटं भटकतं. शेताच्या बांधावर घोळ आणि तांदुळजा उगवतो, तसा धोत्राही उगवतो आणि रुईही. अनोळखी पाल्यावर संशय घेणारी मुलं हजारो वर्षांच्या प्रवासात जास्त तगली असणार, असं शास्त्रज्ञ मानतात. गोडाची ओढ आपण जन्मतःच घेऊन येतो. कडू थेंब जिभेवर पडला तर नवजात बाळही तोंड वेंगाडतं, कारण निसर्गातली पुष्कळ विषं कडू असतात. दुसऱ्या वर्षापासून वाढणारी आणि सहाव्या-सातव्या वर्षानंतर हळूहळू ओसरणारी ही नव्याची भीती खरं तर लेकराच्या राखणीला बसलेली आहे.

ही भीती सगळ्यांत सारखी नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ल्युसी कुक, जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००७ साली मांडला. नव्या अन्नाच्या भीतीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७८ टक्के आनुवंशिक असल्याचं त्यात आढळलं. कोथिंबिरीचंच पाहा. लातूर जिल्ह्याच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, इतका तिचा सुगंध नावाजलेला. तरीही काही माणसांना कोथिंबीर साबणासारखी लागते, आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांशी असल्याचं २०१२ साली दिसून आलं. म्हणून ज्या आईला सासरी-माहेरी “तूच लाडावून ठेवलंस” असं ऐकावं लागतं, तिला हा ७८ टक्क्यांचा आकडा सांगायला हवा. एकाच घरात, एकाच ताटात वाढलेली दोन भावंडं वेगळी निघतात, यात तिचा काही दोष नाही.

पण जन्मतः मिळालेला स्वभाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. अमेरिकेत लिअन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळं आणि चीज चाखायला दिली: काही दोनदा, काही पाचदा, काही दहा, पंधरा, वीस वेळा. ज्याची चव जास्त वेळा घेतली, ते जास्त आवडलं. पुढच्या एका प्रयोगात मुलांनी काही फळं फक्त पाहिली आणि काही चाखली. नुसतं पाहून चवीची आवड वाढली नाही. त्यासाठी जिभेला घास लागावाच लागला, मग तो शेंगदाण्याएवढा का असेना. आपण बहुतेक घरांत दोन-तीनदा देऊन पाहतो आणि “त्याला आवडत नाही” असा शिक्का मारतो. जीभ तेव्हा कुठे ओळख करून घेत असते.

तिखटाची गोष्ट तर याहून नवलाची. मिरची मुळात चव नव्हेच. तोंडातले उष्णता आणि वेदना ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) ती चेतवते, आणि या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. संशोधक पॉल रोझिन यांनी मेक्सिकोच्या एका खेड्यात पाहिलं, की तिथली कुत्री आणि डुकरं रोजच्या उरल्यासुरल्या अन्नातून मिरची खातात, पण निवड करायला दिली तर तिखट मागत नाहीत. मुलं मात्र लहानपणी टाळतात आणि पाच-सहा वर्षांची होता होता आपणहून घ्यायला लागतात. तिथे कुणी जबरदस्ती करत नाही. मोठी माणसं चवीने खाताना रोज दिसतात, एवढंच. येसराच्या आमटीला आधी हात न लावणारं आपलं मूल पुढे वाटी पुढे करतं, तेही याच वाटेने.

जबरदस्तीने उलटंच होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छोट्या मुलांना भोपळ्याचं आणि मक्याचं सूप दिलं. ज्या सुपासोबत “संपव बरं” असा तगादा होता, ते मुलांनी कमी खाल्लं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. आमिषाचीही तीच गत आहे. “भाजी खा, मग चॉकलेट देते” असं म्हटलं की मूल भाजीला त्रास आणि चॉकलेटला बक्षीस समजतं. सोबतीचा परिणाम मात्र विलक्षण असतो. बर्च यांनीच एखाद्या मुलाला त्याची नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांच्या पंगतीत बसवलं, आणि काही दिवसांत त्या मुलाची निवड बदलली.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव किंवा नांदेडच्या रानात जावं. आपली येळवस, म्हणजे वेळअमावस्या! त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पांडवांची पूजा होते, आणि ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाचं बोलावणं असतं. उंडे, आंबील, गव्हाची खीर आणि त्या सगळ्यांत भज्जी! ओला हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, वाटाणा, गाजर, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, असं रानातलं कितीतरी बेसन आणि आंबट ताकाच्या रसात एकजीव झालेलं असतं. घरी मेथीचं पान वेचून बाजूला काढणारं मूल इथे रानात हुंदडून भुकेजलेलं असतं. शेंगा त्याने स्वतः तोडलेल्या असतात, शेजारी चुलत-मामे भावंडं ओरपत असतात, आणि त्याने किती खाल्लं याकडे कुणाचं लक्ष नसतं. भूक, सोबत, मोकळीक, ओळखीच्या आंबट रसात लपेटलेली अनोळखी चव! प्रयोगशाळांनी एकेक करून तपासलेल्या या गोष्टी आपल्या वाडवडिलांनी एका पंगतीत आणून बसवल्या, याचं नवल करावं तेवढं थोडंच आहे.

येळवस वर्षातून एकदाच येते, जीभ मात्र रोज शिकते. म्हणून तीच रीत घरच्या ताटात आणावी. अंबाडी द्यायची असेल तर आधी ओळखीच्या तुरीच्या वरणात तिचा चमचाभर पाला शिजवावा. मेथी आधी धपाट्यात जाऊ द्या, मग पातळभाजीत येऊ द्या. एका वेळी नवा पदार्थ एकच असावा, घास चिमूटभर असावा आणि ताटात सोबत मुलाच्या आवडीचं काहीतरी असावं. चाखून थुंकलं तरी रागावू नये. दोन दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा वाढावा, दहा-पंधरा वेळा. काय आणि कधी वाढायचं ते आईवडिलांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. जेवणाआधी बिस्किटं, चिप्स आणि पेलाभर दूध टाळावं. घरातल्या बाप्यांनी नाक मुरडलेली भाजी लेकरू खाईल, ही आशा ठेवू नये. आणि बाळ लहान असेल तर सगळं मिक्सरमधून काढू नये. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागातल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं, की ज्यांना दाणेदार, कुस्करलेलं अन्न दहाव्या महिन्यानंतर सुरू झालं, ती मुलं पुढे खाण्यात जास्त हट्टी निघाली. वरणात मऊ भिजवून हाताने कुस्करलेली भाकरी यासाठी उत्तम.

मात्र खाण्याच्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत असेल, वजन वाढत नसेल, घास गिळताना मूल सारखं ठसकत किंवा ओकत असेल, किंवा फिकट आणि थकलेलं दिसत असेल, तर वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाकी बहुतेक मुलांना औषध लागत नाही, टॉनिक लागत नाही आणि धपाटा तर मुळीच लागत नाही. आज त्याने ‘नको’ म्हटलेली भाजी परवा पुन्हा चिमूटभर वाढा, आणि स्वतः त्याच्या शेजारी बसून तीच भाजी आवडीने खा.