चाकांवरच्या घरातील दूरदर्शन संच

२०२१ मध्ये महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली आणि चाकांवरच्या घराची कल्पना आपल्याही परिचयाची होऊ लागली. अशा घरात दूरदर्शन संच बसविताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी, ती म्हणजे येथील भिंत विटांची नसते. बाहेरून पातळ प्लायवूड, आत लाकडी वा ॲल्युमिनिअमचा सांगाडा आणि मधल्या पोकळीत उष्णतारोधक फोम, अशी बहुधा तिची रचना असते. नुसत्या प्लायवूडमध्ये पिळलेला स्क्रू उभ्या गाडीत टिकेलही. परंतु रस्त्यावरील प्रत्येक खड्डा त्याला थोडाथोडा सैल करीत असतो. मग एखादे दिवशी अचानक ब्रेक लागतो आणि पाच किलोंचा संच निखळून समोर बसलेल्यांवर आदळतो.

म्हणून प्रथम सांगाडा शोधावा. त्याच्या दोन उभ्या पट्ट्यांना १२ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी पक्की जोडावी व त्या फळीवर ब्रॅकेट बसवावे. भोक पाडण्यापूर्वी भिंतीआड विजेची तार वा गॅसची नळी नाही, याची खात्री करावी. संचामागील भोकांतील अंतर मोजून त्यास जुळणारे ब्रॅकेट घ्यावे. ब्रॅकेटचा हात हलता असल्यास प्रवासात तो जागच्या जागी अडकून राहील, असा खटका त्याला हवाच.

प्रत्येक प्रवासापूर्वी आपण टायरमधील हवा तपासतो. त्याच वेळी हे स्क्रूही एकदा आवळून पाहावेत.