जुनी पेटी, नवी कडी



आज मी एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती म्हणजे हत्यारांची पत्र्याची पेटी. पंपापाशी, गोठ्याच्या माळ्यावर, नाहीतर शाळेतल्या कपाटाखाली अशी एखादी पेटी असतेच. रंग उडालेला, तळ तांबूस झालेला आणि उचलायची कडी एका बाजूनं सुटलेली. कोणी तिला सुतळी बांधतो, कोणी तार पिळतो. मग एक दिवस ती तारही तुटते.

आमच्या शेजारच्या मळ्यात असंच झालं. विहिरीच्या पायऱ्या उतरताना तारेनं दगा दिला. पेटी उलटली. दोन पान्हे पाण्यात गेले आणि हातोडा गडगडत खाली उभ्या असलेल्या मुलाच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडला. मुलगा वाचला, हे नशीब. शेतकरी वैतागून म्हणाला, "भंगारात देऊन टाकतो ही पेटी." मी म्हटलं, "दादा, यात पेटीचा काय दोष? पत्रा अजून दणकट आहे. तुमच्या वडिलांनी घेतलेली वस्तू. थोडी मेहनत करू, पुन्हा कितीतरी वर्षं चालेल." ती मेहनत कशी करायची आणि कशासाठी करायची, ते आता पाहू या.

पेटी दुरुस्तीच्या लायकीची आहे की नाही, हे आधी ठरवावे. ती रिकामी करून उन्हाकडे धरा आणि आतून पाहा. एखाददुसरे भोक दिसले तर बिघडत नाही, आतून पत्र्याचे ठिगळ मारता येते. पण दाभणाने टोचल्यावर तळ जागोजाग आत जाऊ लागला, तर तो पत्रा संपला असे समजावे. बिजागऱ्या आणि पुढची कडी-कोयंडाही तपासा. याचे कारण असे, की उचलायची कडी झाकणावर असेल तर सगळा भार झाकणातून बिजागऱ्यांवर आणि कोयंड्यावर येतो. नवी कडी कितीही भक्कम बसवली आणि कोयंडा ढिला राहिला, तर झाकण उघडून हत्यारं पायावर यायचीच.

आता गंजाकडे वळू. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी या तिघांची गाठ पडली की गंज धरतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरही हवेने एक थर चढतो, पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो आणि पापुद्रे सुटतात. पापुद्रा सुटला की खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तोच खेळ सुरू होतो. मीठ असेल तर हे काम फार झपाट्याने होते. कोकणपट्टीतल्या बांधवांना हे सांगायला नको. घाटावरच्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रासायनिक खताच्या पोत्यांशेजारी हत्यारं ठेवू नयेत. खत हवेतली ओल ओढून घेते आणि खतातले क्षार लोखंड खातात.

गंज काढण्याआधी रंगाविषयी एक सावधगिरी सांगतो. ती कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. जुन्या तैलरंगांत शिसे असे, आणि लोखंडावरच्या पहिल्या हातात तर शेंदूर, म्हणजे शिशाचाच एक प्रकार, सर्रास वापरीत. शिसे पोटात किंवा श्वासात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली, दहा लाख भागांत 90 भाग. त्याआधीच्या पेटीच्या रंगात काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि जाळून तर मुळीच काढू नये. पत्रा ओला करावा, ओल्या पॉलिश पेपराने घासावे, नाकातोंडाला फडके बांधावे आणि मुलांना लांब ठेवावे. निघालेला चिखल कागदात गोळा करून बंद डब्यात टाकावा. गोठ्याजवळ तो सांडू नये. जनावरं चाटतात, आणि शिशाने जनावरंही दगावतात.

सुटे पापुद्रे असे ओल्यानेच तारेच्या ब्रशाने काढा. गंजून धरलेल्या बिजागरीत थोडे रॉकेल सोडा. ते मिळत नसेल तर डिझेल चालेल. रात्रभर मुरू द्या, पण चूल आणि विडी दूर ठेवा. उरलेला गंज काढायला घरातली चिंच पुरते. चिंचेतले आम्ल गंज विरघळवते. दाट कोळ करून त्यात फडकी भिजवा आणि गंजल्या जागी रात्रभर लपेटून ठेवा. तेजाबाच्या नादी लागू नका. त्याच्या वाफा छातीला वाईट, आणि तो गंजाबरोबर चांगला पत्राही खातो. पेटीवर जस्ताचा मुलामा असेल, तर तिथे चिंचही लावू नये, जस्त निघून जाईल. सकाळी पेटी धुवा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि लगेच पुसून कडक उन्हात ठेवा. उघडे लोखंड ओले राहिले तर काही तासांत पुन्हा तांबूस होते.

आता मुख्य काम, म्हणजे कडी. ती तुटते का? उचलताना आणि आपटताना कडीची टोकं कानांत घासतात आणि कानाचं भोक लांबट होतं. मग धक्का बसू लागतो आणि कान धरणारे रिव्हेट सैल होतात. पातळ पत्र्यात रिव्हेटाभोवतीचा भाग फाटतो. म्हणजे दोष बहुधा कडीत कमी आणि तिच्या पायाखालच्या पत्र्यात जास्त. नुसती कडी बदलून भागत नाही, ते यासाठीच.

जुन्या रिव्हेटांची डोकी कानशीने घासून काढा आणि पंच ठेवून दांडे खाली ठोका. फाटलेल्या जागेच्या आतल्या बाजूने 3 मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या, दोन्ही कानांखालून जाईल इतकी लांब. भार आता दोन भोकांवर न येता सगळ्या पट्टीवर वाटला जातो.

कडीसाठी 8 मिलिमीटरची साधी गोल सळई घ्या. नुसती सळई बोटांना काचते, म्हणून तिच्यावर लाकडी मूठ हवी. बाभळीचं वाळलेलं लाकूड उत्तम. लांबी 12 सेंटिमीटर, जाडी सुमारे 3 सेंटिमीटर, आणि मधून आरपार 9 मिलिमीटरचं भोक. आता क्रम चुकवू नका. सळईची एक बाजू आधी वाकवा, मग मूठ ओवा, आणि त्यानंतरच दुसरी बाजू वाकवा. दोन्ही बाजू वाकवून बसलात, तर मूठ हातात राहील! एवढी सळई शेगड्यात धरून, नळीचा तुकडा चढवला की थंडच वाकते. त्यामुळे लाकूड भाजण्याची भीती नाही. मुठीखाली 5 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, म्हणजे बोटं सहज मावतील. टोकं बाहेरच्या बाजूला वळवा.

बसवण्यापूर्वी पत्र्याला, पट्टीला आणि कानांना रेड ऑक्साईडचा एक हात द्या. जोडात लपलेलं पाणी फार दुष्ट असतं, आणि एकदा रिव्हेट बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. गंमत अशी, की रेड ऑक्साईड हा लोखंडाचाच ऑक्साईड, गंजाचा सख्खा भाऊ. पण तो आधीच स्थिरावलेला असल्यामुळे पुढे काही खात नाही, आणि त्यातलं तेल वाळून पाण्याला अडवतं.

रंग वाळल्यावर नेहमीची हत्यारं पेटीत भरा, पेटीखालून दोरी घेऊन ती उचला आणि तोल कुठे सापडतो ते पाहून खूण करा. पेटी पुन्हा रिकामी करून खुणेच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर कान बसवा. कडीची टोकं कानांच्या भोकांत घालूनच कान ठोका, मागाहून ती शिरणार नाहीत. रिव्हेट 5 मिलिमीटरचे घ्या. पत्रा 1, कान 2 आणि पट्टी 3 मिळून 6 मिलिमीटर झाले. गोल डोकं घडवायला रिव्हेटाच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे साडेसात मिलिमीटर दांडा बाहेर हवा. एकूण साडेतेरा. कमी ठेवलात तर डोकं भरत नाही, जास्त ठेवलात तर दांडा वाकतो. ठोकताना खालून जड लोखंडाचा आधार द्या. रिव्हेट जमत नसेल तर बोल्ट, वायसर आणि दोन नट लावावेत, त्यात कमीपणा नाही.

त्यानंतर तैलरंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस वाळवून. एक जाड हात वरून वाळतो आणि आत ओला राहतो. मुठीला बेलतेल चोळा. पेटीच्या आत तेलाचं फडकं फिरवा. तळाशी गोणपाट घालू नका, ते ओल धरून बसतं.

शेवटची परीक्षा विसरू नका. हत्यारं 15 किलो भरत असतील, तर पेटीत 22-23 किलो वाळू भरा. ती जमिनीपासून वीतभरच उचला, पाय बाजूला ठेवून हलवून पाहा आणि थोडा वेळ तशीच धरा. कान, कोयंडा, बिजागऱ्या जागच्या जागी राहिल्या, तर पेटी पास झाली.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. त्याचा एक छोटा धडा या पेटीत आहे. तीन बाटल्यांत चकचकीत खिळे ठेवा. पहिलीत साधं पाणी अर्धवट. दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी, वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी चुनकळी, आणि बूच घट्ट. चुनकळीला मुलांचा हात लागू देऊ नका. आठवड्याने मुलांनीच सांगावं, कोणता खिळा गंजला आणि का. रिव्हेटाचं गणितही त्यांच्याकडूनच करून घ्या. रंग घासण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करावं.

मळ्यातली ती पेटी आता हिरवी झाली आहे. ज्याच्या पावलाजवळ हातोडा पडला होता, तोच मुलगा आता ती उचलून विहिरीवर नेतो. पायऱ्यांशी पोचला की आधी कोयंडा चाचपतो, मगच पाय खाली टाकतो. एवढी सवय आपल्या सगळ्यांना लागली तरी पुष्कळ झालं.