सिस्टरची चूक: कुठे नोंदवायची, कुणाला दाखवायची?

समजा, श्रीरामपुरातल्या एका रुग्णालयात रात्रपाळीची सिस्टर इन्सुलिन भरते आहे. सिरिंज मिलिलिटरला ४० युनिटची, कुपी १०० ची. दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २५ युनिट जातील. सुई टोचण्याआधीच दुसरी सिस्टर थांबवते. ही चूक धरायची का?

धरायची. औषधचुकांच्या ‘एनसीसी मर्प’ या अमेरिकी वर्गवारीत ‘ए’ ते ‘आय’ असे ९ गट आहेत. नुसती चुकीला वाव देणारी परिस्थिती ‘ए’, रुग्णापर्यंत न पोचलेली चूक ‘बी’, पोचूनही इजा न झालेली ‘सी’. मृत्यूला हातभार लागला तर ‘आय’. माझ्या मते सर्वांत मोलाचा गट ‘बी’. रुग्ण सुखरूप असतो, त्यामुळे दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये का होत्या, हे शांतपणे विचारता येतं.

पण नोंद पुढे पोलिसांच्या हाती लागेल असं वाटलं, तर लिहिणार कोण? ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्यानंतर परिचारिकांनाही अटक झाली. ती धास्ती अजून आहे. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दलच्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधली कमी शिक्षेची सवलत नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे. परिचारिका त्यात नाहीत. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने चुकांच्या आढाव्याच्या कागदांना संरक्षण दिलं. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

गोपनीय राहावी ती चुकीवरची सहकाऱ्यांची चर्चा. केसपेपर नव्हे: त्याची प्रत रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असते.