बांधाला फुलोरा, तर पिकाला दाणा



हस्ताचा पाऊस सरला, उन्हाचा चटका वाढला, की बांध सुकायला लागतात. तेरडा वाळतो, गवत पिवळं पडतं. मग आपण विळा घेऊन बांध साफ करतो. कोणी काडी लावतो, कोणी तणनाशक मारतो. बांध स्वच्छ दिसतो, बघायला बरं वाटतं. पण नेमक्या याच सुमारास खुरासणी फुललेली असते, तूर कळीवर येत असते, डाळिंबाचा हस्त बहार धरलेला असतो, मांडवावर कारली-दोडका चढलेला असतो. या पिकांना मधमाशी पाहिजे असते, आणि तिचं खाणं तर आपणच बांधावरून काढून टाकलेलं असतं.

यावर उपाय सोपा आहे. एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी, पाणी-खत फारसं न मागणारी आणि आश्विन-कार्तिकात फुलणारी झाडं-झुडपं बांधावर लावायची. ती कोणती, कशी लावायची, ते या पत्रकात सांगितलं आहे.

माशी नसेल तर काय बिघडतं?

भोपळा, काकडी, कारली, दोडका या वेलांना नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. नराचा पराग मादीवर नेऊन टाकणारं कोणीतरी लागतं. ते काम माशी करते. तिने ते अर्धवट केलं तर फळ वाकडं होतं, केलंच नाही तर कळी गळून पडते. खुरासणीचं झाड स्वतःच्या परागावर दाणा भरत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. सूर्यफुलाचं फूल मध्ये पोचट राहतं, त्याचं एक मोठं कारण हेच. माश्या कमी असतील तर हाताला मऊ फडकं गुंडाळून सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान एकेक फूल हलक्या हाताने चोळा, असं सूर्यफूलवाल्यांना सांगितलं जातं. एकरभर रानात हे करून बघा, म्हणजे माशी फुकटात किती मजुरी करते ते कळेल. तूर स्वतःच्या परागावरही धरते, हे खरं. पण तुरीच्या फुलावरही मधमाश्या आणि पानं गोल कातरणाऱ्या रानमाश्या सारख्या येत असतात, आणि त्यांचा हातभार लागतोच.

आता तुम्ही म्हणाल, पीक फुललं की माश्या येतीलच की! येतील, पण त्या शिवारात टिकलेल्या असल्या तर. एक पीक फुलतं तीन-चार आठवडे. त्याआधी आणि त्यानंतर माशीने काय खायचं? आपल्या सातेरी माशीची वसाहत उपाशी पडली, की सगळी पोळं सोडून निघून जाते. एकदा गेली की तुमच्या तुरीची वाट बघत थांबत नाही. म्हणून भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत फुलांची साखळी तुटू द्यायची नाही. सारी गोम इथंच आहे.

साखळीतली झाडं

बोर : भाद्रपदाच्या आगेमागे बोरीला बारीक, हिरवट-पिवळा फुलोरा येतो. त्यावर माश्यांची झुंबड असते. गावठी बोरीवर डोळा भरून घेतला तर फळाचे पैसेही होतात. मात्र ही सावली करणारी, काटेरी. तेव्हा नाल्याच्या कडेला किंवा पडीक तुकड्यातच लावा.

तरवड : नवरात्रात घटावर माळ घालतो, तोच हा. माळरानावर, मुरमाड जमिनीतही तग धरतो, शेळी सहसा तोंड लावत नाही. याच्या फुलात मध नसतो, पण पराग भरपूर. मोठे काळे भुंगे फुलाला लटकून गुणगुणत पराग झाडून घेतात. माशीच्या पिलांना वाढायला परागच लागतो.

निर्गुडी : पावसाळ्यात आणि त्यानंतरही थांबून थांबून निळसर-जांभळा तुरा देते. फांदी रोवली की जगते. जनावर खात नाही, त्यामुळे कुंपणही होतं. लहान-मोठ्या सगळ्या माश्यांना आवडते.

तुळस : घरच्या वृंदावनातली किंवा रानतुळस, दोन्ही चालतात. मंजिऱ्यांवर सकाळपासून माश्या असतात. वाळलेल्या मंजिऱ्या खुडत राहिलं, की नव्या येत राहतात आणि झाड दोन-तीन वर्षं टिकतं. बी पडून आपोआप नवी रोपंही उगवतात.

शतावरी : हिच्या मुळ्या जमिनीत जिवंत राहतात. पाऊस सरता सरता पांढऱ्या, सुवासिक फुलांनी वेल भरून जातो. कुंपणावर सोडून द्यावी. मुळ्यांना औषधासाठी मागणी असते.

अडुळसा : थंडी सुरू झाली की पांढरी फुलं धरतो. वरच्या सगळ्यांचा बहार ओसरत आला, की हा पुढे माशीला सांभाळतो. खोकल्याला पाला घरचाच.

कोकणातल्या मंडळींनी तरवडाचा हट्ट धरू नये. तिथं निर्गुडी, अडुळसा, तुळस चांगली येते, आणि नारळाचा फुलोरा तर बाराही महिने असतो.

लावायचं कसं?

एक एकराचं रान चौकोनी असेल तर एका बाजूचा बांध साधारण २०० फूट भरतो. चार-चार फुटांवर एक, अशी ५० झुडपं बसतात. त्यात २० निर्गुडी, १० तरवड, १० अडुळसा आणि १० शतावरी घ्या. मधल्या जागेत तुळस टाका. एकाच जातीची रांग लावू नका. एक बहार संपेल तेव्हा दुसरा चालू पाहिजे.

निर्गुडी आणि अडुळशाची अंगठ्याएवढी जाड, वीतभराहून थोडी लांब काडी घ्या. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीत जाईल अशी तिरपी रोवा. तरवडाचं बी टणक असतं. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पहिल्या पावसात टोका. तुळशीचं बी फार बारीक, ते मूठभर वाळूत मिसळून टाका. शतावरीचं बी उशिरा उगवतं, म्हणून रोप करून किंवा रोपवाटिकेतून आणून लावा. प्रत्येक खड्ड्यात एक घमेलं शेणखत पुरे.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस नसेल, तर पंधरा दिवसांनी तांब्या-दोन तांब्ये पाणी द्या आणि गुरांपासून जपा. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्याच्या शेवटी एकदा छाटणी केली की झालं. छाटलेली काडी सरपणाला होते.

आणखी एक गोष्ट. बांध दोघांचा असतो. लावण्याआधी शेजारच्या भाऊबंदाला विचारा, त्यालाही दोन काड्या द्या. माशी काही सात-बारा बघून फिरत नाही, फायदा दोघांचाही आहे.

काय लावू नये?

घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात, म्हणून ती कोणी मुद्दाम लावू नये. ती रान व्यापते आणि जनावराने खाल्ली तर विषबाधा होते. कोकणातली रानमोडी आणि सगळीकडचं गाजर गवत यांचंही तेच. ती उपटलीच पाहिजेत. एकदांडीची मात्र एवढी भीती नको. पिकातली काढा, बांधावरची राहू द्या. तिच्या इवल्या फुलावर छोटी फुलपाखरं पोट भरतात.

फुलपाखरू म्हणजे अळीच ना?

हा प्रश्न हमखास येतो. खरं आहे, फुलपाखराची अळी पानं खाते. लिंबावरच्या फुलपाखराची अळी रोपं खाऊन टाकते, कोबीवरही एक पांढरं फुलपाखरू अंडी घालतं. पण बहुतेक फुलपाखरांचा पिकाशी वैरभाव नाही. थव्याने फिरणाऱ्या पांढुरक्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या तरवड-टाकळ्याच्या जातीवर वाढतात. ठिपक्यांचं तांबूस फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. तुरीची शेंग पोखरणारी घाटे अळी ही रात्री उडणाऱ्या पतंगाची असते, दिवसा बांधावर बागडणाऱ्या फुलपाखराची नव्हे. शिवाय अळ्यांच्या अंगात आणि अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांनाही बांधावरच्या फुलातला मध लागतो. म्हणजे फुलोरा राखला तर राखणदारही पोसला जातो.

फवारणी जपून

बांध फुलवायचा आणि भर दुपारी फुलावर विष मारायचं, याला अर्थ नाही. पीक फुलावर असताना शक्यतो फवारणी टाळा. करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा, आणि औषध बांधावर उडू देऊ नका. किडीची सुरुवात असेल तर आधी ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. शेजारी कोणाच्या मधपेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी सांगा. माश्यांसाठी उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा, म्हणजे त्या बुडत नाहीत. बऱ्याच रानमाश्या जमिनीत बिळं करून राहतात, तेव्हा बांधाचा एक तुकडा न खणता, न जाळता सोडा.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथं भोवती जंगल आहे, माशीला खायला मिळतं. आपल्या उघड्या शिवारात जंगल नाही, पण बांध आहे. मधपेटी घ्यायचा विचार असेल तरी आधी बांध फुलवा, पेटी मग आणा. उपाशी माशी पेटीत राहत नाही.

तेव्हा या मृगाला एकच बांध करून बघा. पुढच्या दसऱ्यापर्यंत निर्गुडी-तुळस फुलायला लागेल, बाकीची झुडपं त्यामागून येतील. सकाळी दहाच्या सुमारास बांधावर घटकाभर उभे राहा, कोणत्या झुडपावर किती माश्या येतात ते मोजा, आणि जास्त माश्या ओढणारं झुडूप पुढच्या वर्षी दुसऱ्या बांधावर वाढवा. राम राम.