माणसे कामाला लावण्याचे देशोदेशींचे रिवाज

आपल्याकडे चार माणसे बसली आणि कुणाचा मुलगा चाकणला जर्मन कंपनीत लागला, कुणाचा पुतण्या जपानी कंपनीतर्फे टोकियोला गेला, असा विषय निघाला, की पुढचे बोलणे बहुधा ठरलेले असते. जपानी माणूस कंपनीसाठी जीव टाकतो, जर्मन घड्याळाबरहुकूम चालतो, अमेरिकन आज येथे तर उद्या तेथे, आणि आपला माणूस म्हणजे... येथे एक सुस्कारा. हे सारे ज्याच्या त्याच्या रक्तातच असते, असे आपण धरून चालतो. मला आज या समजुतीविषयीच बोलावयाचे आहे.

विषयाचे कारखानदारीतले नाव 'मानव संसाधन व्यवस्थापन' असे भारदस्त आहे. कोळसा, लोखंड, पाणी यांच्या रांगेत माणसाला नेऊन बसविणारे हे नाव मला फारसे रुचत नाही, पण ते रूढ झाले आहे. साध्या मराठीत प्रश्न एवढेच: माणूस कामावर घ्यायचा कोणी, त्याला हुकूम सोडायचा कोणी, त्याचा पगार वाढायचा कशावर, आणि त्याला घरी पाठविण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे देशोदेशी निराळी आहेत यात शंका नाही. ती निराळी का झाली, येथे खरी गंमत आहे.

गेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने हे निराळेपण मोजून पाहिले. आयबीएम या अमेरिकन कंपनीच्या देशोदेशींच्या नोकरांनी 1967 ते 1973 या काळात भरून दिलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्याने चाळल्या आणि 1980 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा एक प्रश्न मोठा मार्मिक होता: वरिष्ठांशी मतभेद असला तर तो बोलून दाखविण्यास तुमच्या येथील माणसे भितात काय? अशा उत्तरांवरून त्याने वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतराचे आकडे काढले. भारताचा आकडा आला 77, जपानचा 54, अमेरिकेचा 40 आणि जर्मनीचा 35. आपल्या कचेऱ्यांतील 'साहेब' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना 77 चे नवल वाटू नये! पण आकडा हा ज्वरमापकासारखा असतो. ताप किती हे तो सांगतो, तो कशाने आला हे सांगत नाही. त्यासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागते.

मागे जाताना वाटेत आपली मुंबईच लागते. 1893 साली जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी आगबोटींची ये-जा सुरू केली. आपला कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. त्या काळी मुंबईच्या आणि ओसाकाच्या गिरण्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, आणि माणसे हाताळण्याच्या बाबतीत दोन्ही देशांचे साम्य थक्क करणारे होते.

मुंबईत माणूस कामाला लावी तो जॉबर. मालकाला कामगाराचे नावही ठाऊक नसे. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला जॉबर खात्यात चिकटवी, त्याला चाळीत जागा पाहून देई, अडीनडीला व्याजाने पैसे देई, आणि या साऱ्याबद्दल दस्तुरी घेई. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. जो कायम नसे तो 'बदली'. तो रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभा राही आणि कुणी गैरहजर असेल तर आत घेतला जाई. जॉबरला शिव्या देणे सोपे आहे, पण परमुलखात उतरलेल्या माणसाला त्याच्याखेरीज दुसरा आधार नव्हता, हेही विसरता येत नाही.

जपानच्या यंत्रशाळांतून आणि गोद्यांतून अगदी असाच एक इसम होता. त्याला 'ओयाकाता' म्हणत. तो कामाचा मक्ता घेई, आपली माणसे आणी, त्यांना पगार वाटी आणि मनाला येईल तेव्हा त्यांना घेऊन दुसरीकडे चालता होई. ज्या जपानी कामगाराच्या निष्ठेचे आज आपण गोडवे गातो, त्याचा आजा असा या कारखान्यातून त्या कारखान्यात भटकत होता. सूतगिरण्यांत तर खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली असत. बापाला आगाऊ रक्कम देऊन त्यांना आणीत आणि कुंपण घातलेल्या वसतिगृहांत ठेवीत. पुष्कळ मुली पळून जात.

मग हे बदलले कसे? कानेगाफुची या गिरणीचा चालक मुतो सांजी याने विसाव्या शतकाच्या आरंभी कामगारांना धरून ठेवण्यासाठी सूचनापेट्या, कंपनीचे वार्तापत्र, आजारपणात उपयोगी पडणारा साह्यनिधी अशा गोष्टी सुरू केल्या. कंपनी हे एक कुटुंब, ही त्याची भाषा. परंतु सूचनापेटीची कल्पना त्याने घेतली अमेरिकेतील डेटन गावच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीकडून, आणि साह्यनिधीची जर्मनीतल्या एसेन गावच्या क्रुप यांच्या पोलाद कारखान्याकडून. अस्सल जपानी म्हणून जी चीज आपण नावाजतो, तिचे थोडे बियाणे परदेशाहून आलेले होते.

ओयाकाताला मोठ्या जपानी कारखानदारांनी हळूहळू आपल्या पगारावर घेतले आणि त्याचे अधिकार काढून घेतले. मुंबईत 1931 साली शाही कामगार आयोगाने जॉबरची भरतीची सत्ता काढून घ्या, कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस केली आणि पुढे 1935 साली बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धतही आली; पण मागणी घटेल तेव्हा स्वस्तात कमी करता येणारी माणसे दाराशी असणे मालकांच्या सोयीचे होते. जॉबर पुष्कळ वर्षे टिकला. दोन देशांच्या वाटा येथे फुटल्या, आणि त्या फुटण्याला स्वभावापेक्षा हिशेब अधिक कारण झाला.

जपानची जन्मभराची नोकरी खऱ्या अर्थाने रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तीही भांडणातून. युद्धानंतर तेथे कामगार संघटना झपाट्याने वाढल्या. 1950 साली टोयोटा कंपनी बुडण्याच्या बेतात आली, दीड हजारांहून अधिक कामगार गेले, कडवा संघर्ष झाला, आणि कंपनीचा संस्थापक कीइचिरो टोयोडा याने जबाबदारी स्वीकारून अध्यक्षपद सोडले. 1953 साली निसान कंपनीत संप व टाळेबंदी झाली, लढाऊ संघटना मोडली आणि कंपनीला सोयीची दुसरी उभी राहिली. अशा लढायांनंतर दोन्ही बाजूंनी एक न लिहिलेला सौदा पत्करला: कायम कामगाराला कंपनी काढणार नाही, वयाबरोबर त्याचा पगार वाढवील, उलट कामगाराने नवे यंत्र, नवे काम, बदली, काहीही नाकारू नये. या पद्धतीची ओळख जगाला करून दिली ती जेम्स अ‍ॅबेग्लेन या अमेरिकनाने, 1958 साली! आणि हा सौदाही सर्वांसाठी नव्हता. स्त्रिया, हंगामी कामगार आणि लहान ठेकेदारांची माणसे बहुतेक त्याच्या बाहेरच राहिली.

आता पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट गावी चलावे, कारण रक्त की रिवाज या वादाचा जवळजवळ प्रयोगशाळेतला म्हणावा असा निकाल तेथे लागला.

फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. दर पाचांतला एखादा कामगार गैरहजर, तक्रारअर्जांचा ढीग, दारू, माल सदोष. 1982 साली कंपनीने तो बंद केला. तेथे कामाचे ऐंशीहून अधिक वर्ग पाडलेले होते, आणि एका वर्गाचा माणूस दुसऱ्याच्या कामाला हात लावीत नसे. 'हे माझे काम नव्हे' हे वाक्य ऐकून आपण अमेरिकन माणसाला आपमतलबी ठरवितो. पण या नियमांमागेही एक इतिहास आहे. अमेरिकेत सर्वसाधारण कायदा असा, की मालकाने नोकराला कधीही, कारण न देता काढावे. पन्नास राज्यांपैकी एकट्या माँटाना राज्याने 1987 साली कायदा करून याला सरसकट आडकाठी घातली. फोरमन मर्जीतल्याला हलके काम देई, नावडत्याला घरी बसवी. 1936-37 साली फ्लिंट गावी कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संघटनेची मान्यता मिळविली, आणि मग फोरमनच्या लहरीला बांध घालण्यासाठी कोणाचे काम कोणते, आधी कोणी जायचे, हे कलमवार लिहून घेतले. नियमाला चिकटून राहणे हे त्या कामगाराच्या दृष्टीने चिलखत होते.

1984 साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. व्यवस्था टोयोटाची, संघटना तीच आणि कामगारही बहुतांशी तेच, जुने 'बदनाम' लोक. त्यांच्यातल्या काही शेकड्यांना शिक्षणासाठी जपानला नेले. कामाचे वर्ग दोनचार उरले. पूर्वी काही झाले तरी फिरता पट्टा थांबवायचा नाही असा दंडक होता. आता चूक दिसली की साध्या कामगाराने दोरी ओढावी आणि मुकादमाने धावत येऊन 'काय अडले?' असे विचारावे, असे ठरले. गैरहजेरी दोनतीन टक्क्यांवर आली. माणसे तीच, हवापाणी तेच!

दोरीचे कौतुक सर्वांनी केले. करारातल्या एका कलमाकडे मात्र थोड्यांचे लक्ष गेले. कामगार कमी करण्याची वेळ आलीच तर आधी बाहेर दिलेली कामे परत आणू, वरिष्ठांचे पगार कापू, आणि मगच कामगारांकडे वळू, असे व्यवस्थापनाने लिहून दिले होते. 1988 साली मोटारी खपेनाशा झाल्या तेव्हा त्याची कसोटी लागली. काम नसलेल्या माणसांना घरी न पाठविता शिक्षणाला आणि दुरुस्तीच्या कामांना लावण्यात आले. दोरी ओढणाऱ्याचा हात निर्भय होतो तो अशा ठिकाणी. जनरल मोटर्सने हीच पद्धत व्हॅन नाइस येथील कारखान्यात उचलून नेली, तेव्हा कामगारांनी आणि मुकादमांनीही तिच्याकडे संशयाने पाहिले. तेथे ती रुजली नाही, आणि 1992 साली तो कारखाना बंद झाला.

जर्मनीची तऱ्हा तिसरीच. तेथे सारी भिस्त ना घराणेशाहीवर, ना लहरीवर, कायद्यावर आहे. कोळसा व पोलाद धंद्यांत संपाची तयारी झाली तेव्हा, 1951 साली, कंपनीच्या देखरेख मंडळावर कामगारांना निम्म्या जागा देणारा कायदा झाला. पुढे 1976 साली दोन हजारांहून अधिक नोकर असलेल्या इतर कंपन्यांनाही निम्म्या जागांचे तत्त्व लावण्यात आले, मात्र मते समसमान पडली तर अध्यक्षाचे जादा मत बहुधा भागधारकांच्या पारड्यात पडेल अशी पाचर ठेवून. त्याहून रोजच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे कामगार मंडळ. पाच नोकर असले तरी ते निवडता येते. माणूस काढण्यापूर्वी या मंडळाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. न ऐकता काढला तर ते काढणेच रद्द ठरते.

हे न ओळखता वॉलमार्ट ही बलाढ्य अमेरिकन कंपनी 1997 साली तेथे गेली. सकाळी नोकरांनी मिळून कंपनीचा जयघोष करावा, गिऱ्हाइकाकडे पाहून हसावे, हे तिचे रिवाज जर्मनांना विचित्र वाटले. त्यावर विनोद पुष्कळ झाले. विनोदापलीकडची गोष्ट अशी, की नोकरांनी आपसांत प्रेमसंबंध ठेवू नयेत, सहकाऱ्यांच्या चुका दूरध्वनीवरून कळवाव्यात, असली कलमे असलेली आचारसंहिता कंपनीने कामगार मंडळाला न विचारता लादली, आणि 2005 साली वुपरटाल येथील कामगार न्यायालयाने तिचा बराच भाग बेकायदा ठरविला. 2006 साली वॉलमार्टने जर्मनीतून गाशा गुंडाळला. त्याला तोटा, स्पर्धा अशी इतर कारणेही होतीच.

आपल्या देशात जपानी पद्धत थाटामाटाने आली ती मारुतीबरोबर. 1983 साली गुरगावच्या कारखान्यातून पहिली गाडी निघाली तेव्हा साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, उपाहारगृह एक, सकाळची कवायतही एकत्र. अंतराचा आकडा 77 असलेल्या देशात हे लहानसहान काम नव्हते, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण पुढे मानेसर येथे दुसरा कारखाना उभा राहिला, त्यात एकाच साखळीवर तेच काम करणारे कायम आणि कंत्राटी असे दोन प्रकारचे कामगार मोठ्या संख्येने होते. गणवेश आला, कवायत आली, साडेसात मिनिटांची चहाची सुटी आली. नोकरीचे वचन मात्र निम्म्याच माणसांपर्यंत पोहोचले. 2011 साली स्वतःची संघटना मान्य व्हावी म्हणून तेथे वारंवार काम बंद पडले. 18 जुलै 2012 रोजी दंगल व जाळपोळ झाली आणि तीत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे एक वरिष्ठ अधिकारी मृत्यू पावले. पाचशेहून अधिक कायम कामगार काढले गेले, अनेक वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले, आणि 2017 साली तेरा जणांना जन्मठेप झाली. एका बाजूला एका कुटुंबाचा कर्ता गेला, दुसऱ्या बाजूला शेकडो घरांची चूल विझली. हा हरियाणाच्या माणसाचा स्वभाव, असे म्हणणारे तेव्हाही भेटले.

खुद्द जपानात तरी काय? तेथे आज नोकरदारांपैकी तिघांत एकाहून अधिक जण कायम नाहीत. 2008 च्या मंदीत अशांना कमी केले, आणि कंपनीच्या खोल्यांतूनही बाहेर पडावे लागलेले शेकडो लोक नववर्षाच्या सुटीत टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू ठोकून राहिले. फ्रीमाँटलाही जनरल मोटर्स 2009 साली भागीदारीतून बाहेर पडली, आणि 1 एप्रिल 2010 रोजी शेवटची मोटार, एक तांबडी कोरोला, पट्ट्यावरून उतरली. त्या इमारतीत आता टेस्लाच्या विजेच्या मोटारी होतात. कामगार संघटना तेथे नाही.

मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून मिटल्या, त्यांच्याबरोबर जॉबर गेला, नायकीण गेली. बदली मात्र गेला असे मला वाटत नाही. पुण्याभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहून पाहावे. गणवेश सगळ्यांचा सारखाच असतो. पुष्कळ ठिकाणी गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीचा रंग तेवढा निराळा असतो, आणि कोणत्या रंगाचा माणूस पुढच्या महिन्यात येथे असेल, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते.