पुढाऱ्याच्या हातातला पंचा

मराठीतला ‘पुढारी’ हा शब्द फार सोपा आहे. जो पुढे असतो तो पुढारी. मिरवणुकीत पुढे, व्यासपीठावर पुढे, फोटोत पुढे आणि पंगतीत तर सगळ्यांच्या आधी. पण कोणासाठी पुढे आणि कशासाठी पुढे, हे हा शब्द सांगत नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथात, म्हणजे बायबलात, या प्रश्नाचा विचार अनेक ठिकाणी आला आहे. तो केवळ चर्चमधल्या धर्मगुरूंसाठी आहे असे समजायचे कारण नाही. सरपंच, मुख्याध्यापक, बचत गटाची अध्यक्ष, देवळाचा विश्वस्त, मशिदीचा मुतवल्ली आणि घरातला कर्ता माणूस, या सगळ्यांना तो लागू पडतो.

मी मुसलमान घरातला. आम्ही येशूला हजरत ईसा म्हणतो आणि त्यांना अल्लाहचे पैगंबर मानतो. ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा यापेक्षा वेगळी आहे, आणि हा फरक झाकण्याचे कारण नाही. पण शहाणपणाची गोष्ट कोणाच्याही घरची असो, ती ऐकून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला तो याच रीतीतून. त्याच रीतीने आज थोडे बोलायचे आहे.

पहिला प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला, तेराव्या अध्यायातला. येशूच्या अटकेचीच रात्र. सोबती जेवायला बसले आहेत. येशू पंगतीतून उठतो, अंगावरचे वरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला पंचा बांधतो, भांड्यात पाणी घेतो आणि एकेकाचे पाय धुऊन पुसू लागतो. त्या काळी तिकडे लोक वहाणा घालून धुळीच्या रस्त्याने चालत. पाहुण्यांचे पाय धुणे हे घरातल्या सगळ्यांत खालच्या नोकराचे काम असे. आपल्याकडेही पाहुणा दारात आला की पाण्याचा तांब्या पुढे करतात. पण पाणी देणे वेगळे आणि खाली बसून दुसऱ्याचे पाय हातात घेणे वेगळे. म्हणून पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेतो. त्याला संकोच वाटतो, आणि थोडी भीतीही वाटत असावी. गुरूच जर हे काम करू लागला, तर शिष्याला ते टाळता कसे येणार?

या प्रसंगातली एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. त्या पंगतीत यहूदा इस्कर्योतही बसलेला होता. तो घात करणार हे येशूला ठाऊक होते, असे योहान सांगतो. तरीही तो त्या वेळी तिथेच होता, आणि पाय धुणे झाल्यावर उठून गेला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. आपल्या माणसांचे काम सगळेच पुढारी करतात. ज्याने मत दिले नाही त्याच्या गल्लीत नळ जातो की नाही, तिथे खरी परीक्षा असते.

दुसरे चित्र मेंढपाळाचे. हे चित्र बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पीक निघाले की मोकळ्या रानात मेंढ्यांचे कळप उतरतात. शेतकरी खतासाठी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतो. संध्याकाळी वाघर लागते, जाळीच्या आत कळप विसावतो आणि मेंढपाळाचे अंथरूण तिथेच उघड्यावर पडते. दिवसभरात जन्मलेले कोकरू त्याच्या काखेत असते, लंगडणारी मेंढी त्याच्या नजरेत असते. त्याची हाक कळप ओळखतो, दुसऱ्या कोणी तशीच हाक घातली तर मेंढ्या मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरू लागतात.

येशूने हीच खूण वापरली. मेंढपाळ आणि भाडोत्री राखणदार यांतला फरक दिवसा कळत नाही, तो लांडगा आल्यावर कळतो. भाडोत्री पळतो, कारण मेंढ्या त्याच्या नसतात. त्याच्याही आधी कितीतरी शतके यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याने आपल्या काळच्या पुढाऱ्यांना खडसावले होते. त्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात तक्रार स्पष्ट आहे. हे मेंढपाळ दूध पितात, लोकर पांघरतात, धष्टपुष्ट मेंढी कापून खातात, पण आजारी मेंढीला औषध देत नाहीत आणि हरवलेलीला शोधायला जात नाहीत. आमच्याकडेही हजरत मूसांनी आणि हजरत मुहम्मद पैगंबरांनी मेंढ्या राखल्या, असे सांगितले जाते. माणसे सांभाळायचे शिक्षण बहुधा मुक्या जिवांपासून सुरू होते. त्यांच्यापुढे भाषण चालत नाही.

तिसरी गोष्ट सासऱ्याच्या सल्ल्याची. ज्यांना आम्ही हजरत मूसा म्हणतो तेच बायबलातले मोशे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात त्यांचे सासरे इथ्रो त्यांना भेटायला येतात. पाहतात तर काय, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसला आहे आणि माणसांची रांग संपत नाही. आपल्याकडे एखाद्या साहेबाच्या सहीसाठी बाहेर जशी माणसे बसून असतात, तशीच. सासऱ्याने सांगितले की अशाने तूही थकशील आणि ही माणसेही थकतील. देवाला भिणारी, खरे बोलणारी आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसे निवड. त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहा-दहांवर नेम. लहान गोष्टी त्यांनी पाहाव्यात, अवघड तेवढ्या तुझ्याकडे याव्यात. जावयाने सासऱ्याचे ऐकले, हेही या कथेतले एक नवलच! सगळे माझ्यावाचून अडते, असे म्हणणारा माणूस स्वतःला कष्टाळू समजतो. रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मात्र त्याचा एकखांबी कारभार उन्हात उभा करतो.

अशीच अडचण पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही आली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती नोंदवली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकूर सुरू झाली. पुढाऱ्यांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि वाटपाचे काम पाहण्यासाठी सात माणसे निवडायला सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती पळी दिली गेली, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो. रेशनच्या वाटपावरून भांडणे कशी होतात हे आपल्याला माहीत आहे. ती कशी मिटवावी हे या छोट्या प्रसंगात आहे.

आता कर्जाचा विषय. आपल्या भागात हा विषय पुस्तकातला नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. कोणत्या दुःखामुळे तो त्या यादीत गेला, हे इथल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचताना हेच दुःख अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यरुशलेमात भेटते. दुष्काळ पडला होता. धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. राजाचा कर भरायला कर्ज काढले होते. काहींना तर पोटची मुले दास म्हणून द्यावी लागली होती. आणि घेणारे परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते.

नहेम्या हा इराणच्या राजाच्या पदरचा मोठा अधिकारी. तो यरुशलेमचा पडलेला तट बांधायला आला होता. लोकांची ओरड ऐकून त्याला राग आला. पण त्याने आधी मनाशी विचार केला आणि मग सावकारी करणाऱ्या बड्या लोकांना सर्वांसमक्ष बोलावले. आपणही आणि आपल्या माणसांनीही धान्य-पैसा उसना दिला आहे, हे त्याने सभेत लपवले नाही. स्वतःला त्यांच्यात धरूनच त्याने व्याज सोडायला आणि शेते परत करायला सांगितले, आणि तशी शपथ घ्यायला लावली. त्याच्या आधीचे अधिकारी लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि चाळीस शेकेल रुपे वसूल करीत. नहेम्याने बारा वर्षे तो भत्ता घेतला नाही. तट बावन्न दिवसांत उभा राहिला. कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच भाग बांधायला घेतला होता, त्यामुळे काम कच्चे ठेवून चालणार नव्हते. सावकाराने बळकावलेली जमीन शेतकऱ्याला परत मिळावी अशी तरतूद आपल्या राज्यातही २०१४च्या सावकारी कायद्याने केली आहे. पण त्या शेतकऱ्याबरोबर अर्ज घेऊन कचेरीत जाणारा, गावातल्या बड्या माणसाचा रोष पत्करणारा कोणी तरी लागतो. त्याच माणसाला मी पुढारी म्हणेन.

हे सारे दूरदेशीचे आणि जुन्या काळचे वाटेल. पण महाराष्ट्राने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली. भावाबरोबर पायपीट करीत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृतच्या व्यासंगाबद्दल त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथल्या धर्माधिकाऱ्यांशीही त्यांचे खटके उडाले. आपण एका जोखडातून सुटलो ते दुसरे मानेवर घ्यायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. ते पुण्याला गेल्यावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. तो वाद खरा होता, आणि त्यात दोन्ही बाजूंना दुखावलेली माणसे होती.

पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे धावल्या. भुकेने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आणले आणि केडगावला मुक्ती सदनात आसरा दिला. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते. तिथे नुसते अन्न मिळत नव्हते. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अशी कामे बायका शिकल्या. अंध मुलींनाही वाचायला शिकवले गेले. उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले, कारण आधीचे संस्कृतप्रचुर मराठी अडाणी बाईला समजत नव्हते. छपाईचे काम मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी झाले. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ दोन वर्षांनी बाहेर आला. एवढ्या मोठ्या पंडितेने शेवटी भाषाही खाली वाकून, ऐकणारीच्या पातळीवर आणली. पाय धुण्याचाच हा एक प्रकार आहे, असे मला कवी म्हणून वाटते.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन त्यांनी चर्चमध्ये आणले, म्हणजे मराठी माणसाला देवाशी आपल्याच चालीत बोलता आले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पण या मोठ्या माणसाच्या गोष्टीत एक कठीण पानही आहे. ते पुढे गेले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षे त्यांचा संसार तुटलेला होता. लोकांच्या पुढे चालणाऱ्याच्या घरी कोण रडत बसले आहे, हेही पाहावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते सगळे ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे, आणि नवल म्हणजे हसतहसत सांगितले आहे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. जिला मागे सोडले होते, तिनेच काम पुढे नेले.

पुढारीपण ही काही जन्माची पाटीलकी नव्हे, आणि ते फक्त निवडणुकीतूनही येत नाही. घरात, शाळेत, सोसायटीत प्रत्येकाच्या वाट्याला ते थोडे थोडे येतच असते. आपल्या वाट्याला आले की एवढेच पाहावे: आपल्या दारातल्या रांगेत सगळ्यांत मागे कोण उभा आहे, त्याला किती वेळ झाला आहे, आणि त्याच्यापर्यंत जाऊन त्याला तांब्याभर पाणी कोणी विचारले आहे का.